स्वमग्न मुलांमधील कारक समन्वयाच्या अडचणींचे निदान : प्रचलित मापनसाधनांची चिकित्सा
(विशेष संदर्भ : मुळशी तालुका, जि. पुणे)

प्रस्तावना

स्वमग्नतेचे निदान आजवर प्रामुख्याने तीन प्रश्नांभोवती फिरत आले आहे. मूल इतरांशी नाते जोडते काय, ते भाषेचा व खुणांचा वापर करते काय आणि त्याच त्या कृतींत ते गुंतून राहते काय? हे तीनही प्रश्न योग्य आहेत. परंतु मुलाला जे करावयाचे आहे ते त्याचे हातपाय करू देतात काय, हा चौथा प्रश्न निदानाच्या खोलीत क्वचितच विचारला जातो. बटण लावता न येणे, चेंडू हातातून निसटणे, पायरी उतरताना अडखळणे, पेन्सिलीची पकड न बसणे या गोष्टी पालक सांगतात. त्या ऐकूनही घेतल्या जातात, मात्र निदानपत्रात त्यांची नोंद होतेच असे नाही.

या वगळणुकीचा परिणाम केवळ अपुऱ्या नोंदीपुरता मर्यादित राहत नाही. शरीराची अडचण मोजली गेली नाही, तर ती नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कोणत्या तरी नावाखाली मोजली जाते. हात हलवून निरोप न देणारे मूल नातेसंबंधात उणे ठरते, ठोकळे वेळेत न जुळवणारे मूल बुद्धीत उणे ठरते आणि स्वतः कपडे न घालणारे मूल सामाजिक परिपक्वतेत उणे ठरते. महाराष्ट्रात वापरल्या जाणाऱ्या साधनांच्या आधारे या स्थितीची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

उद्दिष्टे

१. स्वमग्नता व कारक समन्वय यांच्या संबंधाविषयीच्या भूमिकेतील बदल पाहणे.
२. भारतात प्रचलित असलेल्या मापनसाधनांत हालचालींना दिलेले स्थान तपासणे.
३. मुळशीसारख्या मिश्र वस्तीच्या तालुक्यात निदानाची कोणती पद्धत उपयुक्त ठरेल, याचा विचार करणे.

निदानसंहितांतील स्थित्यंतर

कारक समन्वय म्हणजे केवळ स्नायूंची ताकद नव्हे. कृतीची कल्पना करणे, तिचे टप्पे ठरवणे, ते योग्य क्रमाने व योग्य वेळी अमलात आणणे आणि चूक झाल्यास ती कृती चालू असतानाच सुधारणे, एवढी प्रक्रिया त्यात अंतर्भूत आहे. यातील योजनेच्या भागाला येथे ‘क्रियायोजन’ म्हटले आहे. धावणे, उडी मारणे, तोल सांभाळणे ही स्थूल कारक कौशल्ये होत. लिहिणे, ओवणे, बटण लावणे ही सूक्ष्म कारक कौशल्ये होत. एखादे मूल यांपैकी एका प्रकारात तरबेज आणि दुसऱ्यात अडखळणारे असू शकते.

स्वमग्नतेच्या इतिहासात हा विषय आरंभापासून उपस्थित आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन केले, तेव्हा काही मुलांची चाल व स्थूल हालचाली बेढब असल्याचे त्यांनी नमूद केले. मात्र बोटांच्या कामात ती सर्व कुशल असल्याचेही लिहिले. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्नातील हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी आपल्या निरीक्षणातील मुलांच्या वेंधळेपणावर बराच भर दिला. कॅनर यांचे लेखन इंग्रजीत असल्याने ते जगभर पोचले. अ‍ॅस्पर्गर यांचे जर्मन लेखन १९८१ साली लोर्ना विंग यांनी त्याकडे लक्ष वेधेपर्यंत इंग्रजी जगात फारसे परिचित नव्हते. बोटांनी कुशल असे स्वमग्न मूल हीच प्रतिमा दीर्घकाळ प्रचलित राहण्यामागे हेही एक कारण संभवते.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निदानसंहितेने (डीएसएम-४) या दुर्लक्षाला नियमाचे रूप दिले. तीत विकासात्मक समन्वय विकार हे स्वतंत्र निदान होते. परंतु मूल व्यापक विकासात्मक विकाराच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या गटात बसत असल्यास ते निदान देऊ नये, अशी अट होती. परिणामी स्वमग्नतेचे निदान झालेल्या मुलाच्या समन्वयाच्या अडचणींना वेगळे नाव देण्याचा मार्गच बंद झाला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ही अट काढून टाकली. आता दोन्ही निदाने एकत्र देता येतात. बेढब चाल, वेंधळेपणा, चवड्यांवर चालणे यांचा उल्लेखही स्वमग्नतेच्या संलग्न लक्षणांत आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणातही कारक समन्वयाच्या विकासात्मक विकाराला स्वतंत्र स्थान आहे. नियम बदलला, तरी दोन दशकांत घडलेली सवय त्याबरोबर बदलली काय, हा खरा प्रश्न आहे.

या संदर्भात २०२० साली प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास बोलके आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील सहा वर्षांखालील २,०८४ स्वमग्न मुलांच्या नोंदींत, वर्तनाच्या प्रमाणित मापनानुसार ३५.४ टक्के मुलांना कारक अडचणी असल्याचे दिसले. पण निदान करणाऱ्या तज्ज्ञांनी आपल्या अहवालात तसे नमूद केलेली मुले केवळ १.३४ टक्के होती. अमेरिकेत पालकांच्या प्रश्नावलीवर आधारलेल्या ११,८१४ मुलांच्या अभ्यासात ८६.९ टक्के मुले कारक अडचणींच्या जोखमीत आढळली. या दोन आकड्यांतील अंतर मोठे आहे, कारण वय, साधन व निकष भिन्न आहेत. त्यामुळे कोणताही एक आकडा अंतिम मानणे योग्य होणार नाही. तथापि ३५.४ आणि १.३४ हे एकाच गटातील आकडे आहेत. अडचण असणे आणि ती निदान करणाऱ्याच्या नजरेस येणे यांतील दरी ते स्पष्ट करतात.

भारतीय मापनश्रेणीतील हालचालींचे स्थान

सिकंदराबाद येथील राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने (आताचे राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थान) तयार केलेली ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’ ही मापनश्रेणी ‘इसा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. स्वमग्नतेच्या प्रमाणपत्रासाठीची मोजणी २०१६ च्या अधिसूचनेने व पुढे ४ जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी याच श्रेणीशी जोडली गेली. तीत सहा विभागांत एकूण ४० विधाने आहेत : सामाजिक संबंध ९, भावनिक प्रतिसाद ५, भाषा व संवाद ९, वर्तनाचे आकृतिबंध ७, संवेदन ६ आणि बोधात्मक घटक ४. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण असून ७० पासून स्वमग्नता धरली जाते. भारतीय परिस्थितीचा विचार करून तयार झालेले, तुलनेने सुलभ असे हे साधन आहे. ज्या देशात आयात केलेल्या महागड्या चाचण्यांखेरीज पर्याय नव्हता, तेथे या श्रेणीने केलेले कार्य मोलाचे आहे.

मात्र या चाळीस विधानांत कारक समन्वयासाठी एकही विधान नाही. हालचालींचा थेट उल्लेख येतो तो वर्तनाच्या विभागात, पुनरावृत्त हालचालींच्या स्वरूपात. म्हणजे मूल जे अधिक करते ते मोजले जाते. जे त्याला करता येत नाही ते मोजले जात नाही. हालचालीकडे येथे वर्तन म्हणून पाहिले आहे, क्षमता म्हणून नव्हे.

अधिक गंभीर मुद्दा असा की, इतर विभागांतील काही विधाने नकळत हालचालींवर उभी आहेत. खुणा व हावभाव वापरण्यातील अडचण हे भाषा व संवाद विभागातील विधान घ्यावे. नमस्कार करणे, बोट दाखवणे, हात हलवणे या संवादाच्या कृती खऱ्याच. पण त्या क्रियायोजनाच्या कृतीही आहेत. बाल्टिमोर येथील केनेडी क्रीगर संस्थेतील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की, स्वमग्न मुलांच्या चुका अनुकरणापुरत्या मर्यादित नसतात. सांगितलेली खूण करताना आणि प्रत्यक्ष वस्तू हाताळतानाही त्या होतात. केवळ दुसऱ्यात रस नसणे हे कारण असते, तर वस्तू वापरताना चुका होण्याचे कारण नव्हते. त्याचप्रमाणे ‘प्रतिसादास विलंब’ हे विधान बोधात्मक घटकांत मोडते. परंतु विलंब समजण्यात झाला की समजलेले अमलात आणण्यात झाला, हे गुणांकनातून कळत नाही. उत्तर ठाऊक असूनही हात उचलण्यास वेळ घेणारे मूल आणि प्रश्नच न कळलेले मूल या ठिकाणी समान गुण मिळवतात.

नागपूर आणि पुणे : मापनाच्या दोन परंपरा

स्वमग्नतेच्या श्रेणीबरोबर बुद्धिमापन व सामाजिक परिपक्वतेचे मापन करण्याचा प्रघात आहे. त्यासाठी महाराष्ट्रात दीर्घकाळ वापरली गेलेली दोन साधने नागपूरला ए. जे. मालिन यांच्या हातून आकाराला आली. पहिले, व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूपांतर. त्यातील ८९ बाबी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू होतात. खाणे, कपडे घालणे, हिंडणे-फिरणे असे विभाग त्यात आहेत. यांतील अनेक बाबी हाताच्या कौशल्यावर अवलंबून असूनही सर्वांची बेरीज ‘सामाजिक गुणांक’ या एकाच अंकात होते. जेवताना सांडणाऱ्या आणि बटण न लावू शकणाऱ्या मुलाचा सामाजिक गुणांक त्यामुळे खाली येतो. त्याला समाजात मिसळण्याची इच्छा किती आहे, याच्याशी त्या घसरणीचा संबंध असेलच असे नाही.

दुसरे साधन म्हणजे १९६९ ची मालिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी. तिच्या कृती विभागात ठोकळ्यांची रचना, वस्तू जुळवणी, संकेतलेखन, चक्रव्यूह अशा उपचाचण्या येतात. येथे बुद्धी हातातून आणि बहुधा घड्याळाच्या साक्षीने व्यक्त व्हावी लागते. ज्याचा हातच मंद आहे, त्याची बुद्धी मंद ठरण्याचा धोका या रचनेतच आहे. मालिन यांच्या कार्याचे महत्त्व याने कमी होत नाही. ही साधने वेगळ्या हेतूने घडली होती. दोष आहे तो, हाताची क्षमता स्वतंत्रपणे न तपासता त्या अंकाचा अर्थ लावण्याच्या पद्धतीत.

याउलट पुण्याशी निगडित अशी एक परंपरा आहे, जिने शरीराला स्वतंत्र रकाना दिला. प्रमिला फाटक यांनी बडोदा येथे विकसित केलेली आणि सुधारित स्वरूपात पुण्याहून प्रकाशित झालेली ‘दासी’ ही अर्भकांच्या विकासाची मापनश्रेणी कारक व मानसिक असे दोन भाग करते. कारक भागात ६७ व मानसिक भागात १६३ बाबी असून त्यांतून दोन वेगळे गुणांक मिळतात. त्यामुळे एखादे बालक समजण्यात पुढे व हालचालीत मागे असल्यास ते दिसून येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मतः कमी वजनाच्या बालकांचा प्रौढ वयापर्यंत पाठपुरावा केला. बुद्ध्यंक सामान्य मर्यादेत असतानाही दृष्टी व हाताचा मेळ आणि कारक क्षमता यांत उणीव राहू शकते, हे त्या अभ्यासातून पुढे आले. हा अभ्यास स्वमग्नतेचा नव्हता. पण बुद्धी व हालचाल वेगळी मोजण्याची गरज त्याने याच जिल्ह्यात सिद्ध केली होती.

मात्र ‘दासी’ ही श्रेणी तीस महिन्यांपर्यंतच लागू होते. आपल्याकडे अनेक मुलांचे स्वमग्नतेचे निदान त्यानंतर, बहुधा बालवाडी किंवा शाळेच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे हालचालींचे स्वतंत्र मापन जेथे संपते, तेथून स्वमग्नतेचे निदान सुरू होते. ही पोकळी कोणत्याही एका साधनाचा दोष नाही. दोन साधनांमधील मोकळी जागा कोणी आपली मानली नाही, हा तो दोष आहे.

कायद्यातील विसंगती

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला मान्यता दिली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ दिव्यांगत्वांच्या यादीत तिला स्थान दिले. त्या कायद्याच्या अनुसूचीत स्वमग्नतेची व्याख्या संवाद, नातेसंबंध व ठरावीक वर्तन यांच्या आधारे केली आहे. तीत हालचालींचा उल्लेख नाही. ‘डिस्प्रॅक्सिया’ हा शब्द मात्र त्याच अनुसूचीत आहे, पण विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत. ती व्याख्या बोली अथवा लिखित भाषेवर प्रक्रिया करण्यातील उणिवेपासून सुरू होते. क्रियायोजनाची अडचण अशा रीतीने भाषेच्या छत्राखाली ठेवली गेली.

याचे व्यावहारिक परिणाम होतात. स्वमग्न विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रात हाताच्या अडचणीची वेगळी नोंद नसली, तर अक्षर न वळण्याचे कारण ‘लक्ष नाही’ किंवा ‘येत नाही’ असे लावले जाते. देवनागरीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना अगोदर काढावी लागते. उकार खाली, मात्रा वर, अनुस्वार त्याहून वर आणि शिरोरेषा सर्वांना जोडणारी. एका अक्षरासाठी हाताला अनेक दिशांनी वळावे लागते. तोंडी उत्तर देऊ शकणाऱ्या मुलाला लेखनिक, जादा वेळ किंवा संगणकाचा कळफलक मिळावा की नाही, हा निर्णय त्यामुळे कारक तपासणीशी थेट निगडित आहे.

मुळशी तालुक्याचा संदर्भ

मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि भूगाव-पिरंगुटची वाढती वस्ती आहे. पौडच्या पश्चिमेस मुळशी धरणाच्या काठची, कोळवण खोऱ्यातील आणि ताम्हिणी घाटाकडील भातशेतीची गावे आहेत. एका टोकाच्या पालकांना खासगी व्यवसायोपचार तज्ज्ञ शहराच्या अंतरावर आहेत. दुसऱ्या टोकाच्या पालकांसाठी पहिली तपासणी म्हणजे अंगणवाडीत येणारे आरोग्य पथक. निदानाची पद्धत या दोघांनाही लागू पडावयास हवी.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे, सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी अपेक्षित आहे. निवडलेल्या ३० स्थितींत ‘कारक विकासातील विलंब’ आणि ‘स्वमग्नता’ या दोन्ही आहेत, परंतु स्वतंत्र नोंदी म्हणून. एका रकान्यात खूण झाली की दुसरा रकाना तपासण्याची निकड उरत नाही. प्रत्यक्षात एक खूण झाली असता दुसरीकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे.

साधनांच्या निवडीतही अडचण आहे. ब्रिटनमधील ‘मूव्हमेंट एबीसी-२’ (२००७) व अमेरिकेतील ‘बीओटी-२’ (२००५) या चाचण्या काळजीपूर्वक रचलेल्या आहेत. परंतु त्यांचे संच महाग आहेत, त्यांना प्रशिक्षित परीक्षक लागतो आणि त्यांचे मानदंड तेथील मुलांवरून ठरलेले आहेत. कात्री, खुंट्यांची पाटी किंवा नाडी ओवण्याचे खेळणे न हाताळलेल्या मुलाची गती अपरिचयामुळेही कमी येऊ शकते. उलट भाताच्या खाचरांमधील अरुंद बांधावरून तोल सांभाळत जाणाऱ्या मुलाचे कौशल्य त्या चाचणीत दिसणार नाही.

भाषेचाही येथे विचार करावा लागतो. वेंधळा, धांदरट, गबाळा, आळशी हे शब्द मराठी घरांत सहज वापरले जातात. यांतील प्रत्येक शब्द शरीराच्या अडचणीला स्वभावाचा दोष ठरवतो. ‘तुमचे मूल धांदरट आहे का?’ या प्रश्नाला पालक होकार देतील, पण त्यातून निदानाला साहाय्य होणार नाही. प्रश्न कृतीविषयी असावा : भाकरीचा तुकडा मोडता येतो काय, भात कालवून घास तोंडापर्यंत न सांडता जातो काय, तांब्यातून पेल्यात पाणी ओतता येते काय, उकिडवे बसून आधाराविना उठता येते काय, शर्टाची बटणे लागतात काय.

याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक कृती तीन प्रसंगी पाहिली जावी : मुलाला स्वतःला हवे असताना, तोंडी सांगितल्यावर आणि करून दाखवल्यावर. सांगून न जमणारी, पण दाखवल्यावर जमणारी कृती भाषेच्या अडचणीकडे बोट दाखवते. दाखवूनही न जमणारी, पण गरजेपोटी आपोआप घडणारी कृती अनुकरणाच्या वा क्रियायोजनाच्या अडचणीची शक्यता दर्शवते. लाडू हवा असून, डब्यावर नजर खिळलेली असून, झाकण उघडता येत नसेल, तर तेथे आकलन किंवा इच्छा यांचा प्रश्न उरत नाही. अशी नोंद म्हणजे अंतिम निदान नव्हे. परंतु कोणत्या मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कारक तपासणीसाठी पाठवावे, हे तिच्यावरून ठरवता येईल. अंगणवाडी सेविकेला यासाठी महागड्या संचाची गरज नाही. थोडे प्रशिक्षण आणि नोंदवहीत जागा हवी.

संभाव्य आक्षेप

या भूमिकेवर काही आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, समन्वयाच्या अडचणी अवधान-न्यूनता, बौद्धिक अक्षमता व अकाली जन्म यांतही आढळतात. त्यांचा समावेश केल्यास स्वमग्नतेचे निदान सैल होईल. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कारक अडचण ही स्वमग्नतेची कसोटी व्हावी, असे येथे सुचवलेले नाही. स्वमग्नता ठरवण्यासाठी नव्हे, तर ठरल्यानंतर मुलाच्या क्षमतांचे चित्र पूर्ण करण्यासाठी ही तपासणी हवी.

दुसरा आक्षेप असा की, सूचना न कळल्यामुळेही मूल कारक चाचणीत मागे पडते. तेही खरे आहे. उपरोक्त तिहेरी निरीक्षणाची गरज त्यातूनच निर्माण होते.

तिसरा धोका विरुद्ध दिशेचा आहे. शरीराच्या अडचणीचा मुद्दा ताणून, प्रत्येक न बोलणाऱ्या मुलात पूर्ण भाषा दडलेली असते, असे सांगितले जाते. मुलाच्या हाताला आधार देऊन किंवा समोर अक्षरफलक धरून लिहून घेण्याच्या पद्धती त्यातूनच पुढे आल्या. येणारे शब्द मुलाचे की साहाय्यकाचे, हे सिद्ध न झाल्याने अमेरिकन वाचा-भाषा-श्रवण संघटनेने २०१८ मध्ये अशा पद्धतींविरुद्ध इशारा दिला. कारक तपासणीची मागणी म्हणजे या दाव्यांचे समर्थन नव्हे. मोजमाप नसते तेथेच असे दावे फोफावतात.

निष्कर्ष

१. प्रचलित साधनांत कारक समन्वयाला स्वतंत्र स्थान नसल्याने शरीराची अडचण सामाजिक, बौद्धिक वा संवादाची उणीव म्हणून मोजली जाण्याचा धोका आहे.
२. २०१३ पासून दोन्ही निदाने एकत्र देण्यास आंतरराष्ट्रीय संहितेत मुभा आहे. स्वमग्नतेच्या प्रत्येक मूल्यमापनास कारक तपासणीचा स्वतंत्र अहवाल जोडला जावा आणि वेळेच्या बंधनातील कृती-चाचण्यांचे गुण त्या अहवालासह वाचले जावेत.
३. ‘दासी’ श्रेणीची मर्यादा संपते तेथून शालेय वयापर्यंतच्या मुलांसाठी, स्थानिक जीवनातील कृतींवर आधारित व मराठी मानदंड असलेले साधन विकसित होणे आवश्यक आहे. मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण, गृहविज्ञान व मराठी या विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावे असे हे काम आहे. शहरी व डोंगरी वस्ती एकत्र असलेला मुळशी तालुका त्यासाठी योग्य क्षेत्र ठरू शकेल.

जे मूल हात हलवून निरोप देत नाही, त्याला निरोप द्यावयाचा नसतो असे गृहीत धरणे सोपे आहे. त्याचा हात तपासणे अधिक कष्टाचे आहे. निदानशास्त्राने हे कष्ट टाळले, तर चुकीच्या निष्कर्षाचा भार त्या मुलाला शाळेत, परीक्षेत आणि पुढे उपजीविकेतही वाहावा लागेल.